गोल मारून पोट भरतं का? : वाचकांचे प्रश्न, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या फॉरवर्डबद्दल

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आपल्या गोव्यातल्या कुटुंबांवर लेख होता, त्यात एका ओळीत तिकडच्या फुटबॉलचा उल्लेख आला होता, आणि त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. जवळजवळ सगळ्यांनी फॉरवर्डबद्दलच विचारलंय. साहजिक आहे, आपल्याकडे गावच्या मैदानावर मॅच झाली तरी घरी गेल्यावर पहिला प्रश्न गोल कोणी मारला हाच असतो.

प्रश्न: माझा पुतण्या मेलबर्नला असतो, तो व्हिडिओ पाठवत असतो. लांबट बॉल हातात घेऊन पळतात, चार खांब असतात आणि गोल मारायच्या आधी फॉरवर्ड चक्क उभा राहतो, बाकी सगळे थांबतात. हा कसला फुटबॉल? आणि हा माणूस म्हणजे आपला स्ट्रायकरच का?
एक वाचक, फोंडा

उत्तर: काका, नावात फुटबॉल आहे म्हणून फातोर्ड्याच्या मॅचशी ताडून बघायला गेलात तर डोकं फिरेल, हा वेगळाच खेळ आहे, त्याचे पहिले नियम मेलबर्नमध्ये 1859 साली लिहिले गेले. मैदान क्रिकेटचं, अंडाकृती. एका बाजूला 18 जण. 20 मिनिटांचे चार क्वार्टर, पण खेळ अडला की घड्याळ थांबतं म्हणून एक क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऑफसाइड नाही. फॉरवर्डनं कुठेही उभं राहावं, कोणी शिट्टी मारणार नाही, फक्त एक डिफेंडर त्याच्या अंगाला घासून उभा असतो, कोपर, खांदा, ढकलाढकली, हे पूर्ण मॅचभर.

मग तो करतो काय, तर लीड घेतो. मधल्या फळीतला आपला गडी किक मारणार असं दिसलं की डिफेंडरला हुलकावणी द्यायची आणि बॉलच्या रोखानं सुसाट सुटायचं. किमान 15 मीटरवरून आलेली किक जमिनीला लागायच्या आत झेलली की तो मार्क, आणि मार्क मिळाला की त्याला कोणी हात लावायचा नाही, मागे जाऊन स्वस्थपणे किक मारायची. तुम्हाला व्हिडिओत दिसतं ते हेच. 30 सेकंद असतात. पुढच्या वेळी त्याचे हात बघा, पायाकडे नंतर बघा. बॉल उभा धरलेला असतो, एक टोक खाली, पावलं ठरलेली असतात, शेवटी बॉल वर उडवत नाहीत तर एका हातानं अलगद पायावर सोडतात आणि तो हवेत उलटा गरगरत जातो, याला ड्रॉप पंट म्हणतात. सोडताना हात जरा इकडचा तिकडे झाला की बॉल पायावर तिरका पडतो आणि किक फुकट. स्टँडमधून हजारो लोक ओरडत असताना हे करायचं असतं, आणि समोरच्या टीमचे लोक तर मुद्दाम ओरडतात.

आपल्या सालगावकरचा ब्रूनो कुतिन्हो ज्यांनी बघितलाय त्यांना स्ट्रायकरची जागा हेरायची नजर काय असते ते सांगायला नको, ती नजर दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की तिकडच्या फॉरवर्डला पाच वेळा जीव तोडून पळावं लागतं तेव्हा कुठे बॉल एकदा त्याच्याकडे येतो, कारण किक मारणारा दुसऱ्यालाच बघतो. त्या बाकीच्या चार धावा कोणाच्या खात्यात जमा होत नाहीत. पण डिफेंडर त्याच्यामागे गेला म्हणून दुसऱ्याला जागा मिळाली, हे खरं काम असतं. मला वाटतं फॉरवर्डचं करिअर समजून घ्यायचं तर ही न मोजलेली धाव समजून घ्यायला हवी, पुढच्या सगळ्या उत्तरांत मी फिरून इथेच येणार आहे.

प्रश्न: स्कोअर 12.8.80 असा लिहितात तो कसा वाचायचा?
म्हापसा

उत्तर: मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली की गोल, 6 पॉइंट. बाहेरच्या छोट्या खांबाच्या नि मोठ्या खांबाच्या मधून गेली किंवा मोठ्या खांबाला लागली तर बिहाइंड, 1 पॉइंट. म्हणजे 12 गोलचे 72 आणि 8 बिहाइंडचे 8, झाले 80. चुकलेल्या किकलाही एक पॉइंट मिळतो म्हणून कोणी हसू नका. 1996 च्या प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे आपल्या भाषेत सेमीफायनलला, सिडनी आणि एसेंडन बरोबरीत होते, टोनी लॉकेटनं खूप लांबून किक मारली, गोल झाला नाही, बिहाइंड गेला, आणि त्या एका पॉइंटवर सिडनी ग्रँड फायनलला पोचली. सिडनीतले लोक आजही त्या पॉइंटबद्दल बोलतात.

प्रश्न: सर, माझ्या बहिणीचा मुलगा पर्थला आहे, 16 वर्षांचा. उंच आहे, क्लबच्या टीममध्ये फॉरवर्ड खेळतो आणि आता म्हणतो बारावीचं नंतर बघू, मला ड्राफ्टला जायचंय. बहीण फोनवर रडते. भावोजी म्हणतात खेळू दे. यात खरंच करिअर असतं का हो?
एक मावशी, डिचोली

उत्तर: ताई, असतं. चांगलं असतं, पैसाही चांगला मिळतो. पण ते कसं असतं हे घरात सगळ्यांनी एकत्र बसून समजून घ्या, म्हणजे बहिणीचं रडणंही थांबेल आणि पोराचा हट्टही जरा खाली येईल.

तिकडची मोठी लीग म्हणजे एएफएल, 18 क्लब आहेत. मुलगा आपल्या मनानं क्लब निवडू शकत नाही, दरवर्षी हंगाम संपल्यावर नोव्हेंबरात ड्राफ्ट होतो, त्या वर्षी 18 पूर्ण होणारी मुलं त्यात नाव देऊ शकतात, आणि टेबलात तळाला राहिलेल्या क्लबला आधी निवडायला मिळतं. म्हणजे पर्थचं पोर मेलबर्नला किंवा ब्रिस्बेनला जाऊ शकतं, अठराव्या वर्षी, घर सोडून. त्याआधी 20 मीटर धाव, उभी उडी, 2 किलोमीटर धाव अशा चाचण्या होतात. सुरुवातीला करार साधारण दोन-तीन वर्षांचा मिळतो. एका क्लबकडे चाळीसेक खेळाडू असतात आणि दरवर्षी नवे आले की तेवढेच जुने बाहेर पडतात, हे गणित कोणाला चुकत नाही. आणि उंच फॉरवर्ड तयार व्हायला वेळ लागतो, अंगात ताकद भरायला चार-पाच वर्षं जातात. म्हणजे करार संपायची वेळ येते आणि पोर अजून तयारच होत असतं.

आता तुम्हाला काही जणांची उदाहरणं देतो, ती भाच्याला जरूर वाचायला द्या.

टॉम बॉयड, उंच फॉरवर्ड, 2013 च्या ड्राफ्टमध्ये अख्ख्या देशात पहिला नंबर. वर्षभरात वेस्टर्न बुलडॉग्जनं त्याला सात वर्षांच्या करारावर घेतलं, रक्कम साधारण 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचं छापून आलं होतं. एकोणीस वर्षांचं पोर. त्यानंतर दर शनिवारी किती गोल मारले यावर त्याची किंमत होत राहिली, दोन मारले तरी लोक म्हणणार एवढ्या पैशात दोनच. 2016 ला बुलडॉग्जनं 1954 नंतर पहिल्यांदा कप जिंकला, त्या फायनलला बॉयडनं तीन गोल मारले, शेवटच्या क्वार्टरमधला तो लांबूनचा गोल तर तिकडे सगळ्यांना पाठ आहे. आणि 2019 ला, वय 23, कराराची वर्षं शिल्लक असताना, तो निवृत्त झाला. डिप्रेशन होतं, झोप लागत नव्हती, हे त्यानं स्वतः उघड सांगितलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो, कप जिंकला म्हणून नाही, एवढा पैसा समोर असताना आपलं काय बिघडतंय हे त्यानं ओळखलं म्हणून.

दुसरा पॅडी मॅकार्टिन. तोही उंच फॉरवर्ड, तोही पहिला नंबर, 2014 चा. डोक्याला मार बसत गेला, एकदा, परत, परत. क्लबनं शेवटी सोडलं. बऱ्याच काळानं 2022 ला तो सिडनीकडून परत आला, यावेळी डिफेंडर म्हणून, आणि छान खेळला, पण पुन्हा डोक्याला लागलं आणि 2023 ला कायमचं थांबावं लागलं. हवेत उडी मारून बॉल झेलताना डोकं सांभाळता येत नाही हो, दोन्ही हात वर असतात. म्हणून आईनं डॉलरचं विचारायच्या आधी क्लबमध्ये कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, काळजी कशी घेतात ते विचारावं.

गुडघा तर ठरलेलाच. जॉन कोलमन, एसेंडनचा, 1949 ला पहिल्याच मॅचमध्ये 12 गोल, पहिल्याच हंगामात 100. एकूण 98 मॅच, 537 गोल. 1954 ला गुडघा निखळला आणि पंचविसाव्या वर्षी खेळ संपला. आज लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याला जे पदक मिळतं ते त्याच्याच नावाचं, कोलमन मेडल. तो पुढे कोच झाला, एसेंडनला 1962 आणि 1965 ला कप जिंकून दिला. आज गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर ऑपरेशन करून खेळाडू परत येतात, पण वर्षभर जातं, आणि कराराच्या दोन वर्षांतलं एक वर्ष असं गेलं तर काय होतं ते सांगायला नको.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल सरांनी घाबरवलंच. जिलाँगचा टॉम हॉकिन्स 2007 ते 2024 एकाच क्लबला खेळला, 359 मॅच, 796 गोल, तीन कप. आणि कोलमन मेडल कधी मिळालं तर 2020 ला, म्हणजे तेराव्या-चौदाव्या हंगामात. शिवाय दुसऱ्यांना गोल करून देण्यात तो पटाईत होता, मी वर म्हटलं ते न मोजलेलं काम त्यानं वर्षानुवर्षं केलं, म्हणून एवढा टिकला.

आणि एडी बेट्स. छोट्या चणीचा फॉरवर्ड, उंच लोकांच्या पायाशी पडलेला बॉल उचलून अशक्य कोनातून मारणारा. मुख्य ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलंच नव्हतं, नंतरच्या छोट्या ड्राफ्टमधून कार्लटननं घेतला. तिथून 350 मॅच आणि 640 गोल. ॲडलेडच्या मैदानाचा एक कोपराच त्याच्या नावानं ओळखतात. क्लबमध्ये आला तेव्हा आपल्याला धड वाचता-लिहिता येत नव्हतं हे त्यानं स्वतः सांगितलंय, क्लबनं शिकवणी लावली, आणि आज तोच माणूस लहान मुलांसाठी पुस्तकं लिहितो.

तेव्हा ताई, बहिणीला सांगा, खेळायला अडवू नका पण बारावी पूर्ण करून घ्या, ड्राफ्ट अठराव्या वर्षीच आहे, बारावी त्याच्या आत होते, एकाला सोडून दुसरं धरायची गरजच नाही. खेळाडूंची संघटना आहे तिकडे, ती खेळतानाच शिक्षणाला नि पुढच्या नोकरीला मदत करते. आणि नावच नाही आलं ड्राफ्टमध्ये तरी पर्थलाच डब्ल्यूएएफएल ही जुनी स्थानिक लीग आहे, तिथे खेळत राहिलेली कितीतरी मुलं नंतर उचलली जातात. भाच्याला माझ्याकडून एकच विचारा, तू एका मॅचमध्ये किती वेळा पळतोस आणि किती वेळा बॉल मिळतो. उत्तर देताना तो तक्रार करतो की हसतो, ते बघा.

प्रश्न: मी 19 वर्षांचा, वास्कोत क्लबकडून स्ट्रायकर खेळतो. फुटबॉलचा पाय आहे, पळायला चांगला. आता उशिरा सुरू करून एएफएलला पोचता येईल का? खरं सांगा.
वास्को

उत्तर: खरं सांगतो, फार कठीण आहे मित्रा, पण परदेशातून उशिरा गेलेले लोक तिथे पोचलेत. मेसन कॉक्स नावाचा अमेरिकन, उंची 211 सेंटिमीटर, कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, 2014 पर्यंत त्याला हा खेळ माहीतच नव्हता. कॉलिंगवूडनं अमेरिकेतल्या चाचणीतून उचलला, 2016 ला अँझॅक डेच्या (तिकडचा सैनिकांचा स्मृतिदिन) मोठ्या मॅचला उतरवला आणि पहिल्याच किकला गोल. 2023 ला कप जिंकलेल्या टीममध्ये तो होता. पण त्याची उंची बघ. क्लब बाहेरून माणूस घेतात तेव्हा जे शिकवून येत नाही तेच बघतात, उंची, उडी, दम.

आयर्लंडचा जिम स्टाइन्स डब्लिनहून आला, तो गेलिक फुटबॉल खेळायचा. 1987 च्या प्रिलिमिनरी फायनलला मॅच संपल्याच्या सायरनच्या तोंडावर हॉथॉर्नच्या फॉरवर्डला किक मिळाली होती, लांब होता, स्टाइन्स चुकून त्याच्या समोरच्या मोकळ्या ठेवायच्या जागेतून पळाला आणि त्याच्या त्या चुकीला 15 मीटरची शिक्षा झाली, फॉरवर्ड तेवढा जवळ आला, त्यानं गोल मारला, मेलबर्न दोन पॉइंटनी हरलं. त्या खेळात वाढलेला मुलगा तिथून पळालाच नसता. पण चारच वर्षांत, 1991 ला, स्टाइन्सनं लीगचं सर्वोच्च ब्राउनलो मेडल जिंकलं आणि सलग 244 मॅच खेळला, तो विक्रम 2025 पर्यंत त्याचाच होता.

तुझा पाय जमिनीवरच्या गोल बॉलला सरावलाय, इथे बॉल हातातून पायावर सोडायचा असतो, ती सवय नव्यानं लावावी लागेल. भारताची टीम 2008 ला मेलबर्नच्या इंटरनॅशनल कपला खेळली होती, म्हणजे आपल्या देशात खेळ अगदीच अनोळखी नाही. आवड म्हणून जरूर शिक. पण उद्या आपल्या क्लबची प्रॅक्टिस सोडू नकोस त्यासाठी, तुझ्या वयाला आपल्या फुटबॉलमध्ये करण्यासारखं खूप आहे.

प्रश्न: आमची मुलं सावळी, तिकडे मैदानावर रंगावरून बोलतात असं ऐकतो. कितपत खरं?
एक आजोबा, साखळी

उत्तर: आजोबा, खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. 1993 ला निकी विनमार या आदिवासी खेळाडूला कॉलिंगवूडच्या मैदानावर प्रेक्षक वाट्टेल ते बोलले, मॅच संपल्यावर त्यानं जर्सी वर करून आपल्या पोटाच्या कातडीकडे बोट दाखवलं, तो फोटो तिकडच्या इतिहासात गेला. ॲडम गुड्स, दोन ब्राउनलो मेडल, 372 मॅच, 2015 ला मैदानोमैदानी त्याची हुर्यो उडवली गेली आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला. लीगनं आणि सगळ्या क्लबांनी माफी मागितली ती 2019 ला. उशीर झाला, फार उशीर. 2016 ला एडी बेट्सवर प्रेक्षकांतून केळं फेकलं गेलं. आज नियम कडक आहेत, प्रेक्षकावर बंदी येते, मुलं गप्प बसत नाहीत. पण घरच्यांनी मुलाला आधीच सांगून ठेवावं की असं झालं तर ताबडतोब कोचला सांग, मनात ठेवू नकोस.

प्रश्न: सर्वकाळचा मोठा फॉरवर्ड कोण? आमच्या ग्रुपवर भांडण लागलंय, लॉकेट की फ्रँकलिन.
मडगाव

उत्तर: आकड्यांवर जायचं तर टोनी लॉकेट, 281 मॅचमध्ये 1360 गोल, विषय संपला. 1999 ला त्यानं गॉर्डन कॉव्हेंट्रीचा 1299 चा विक्रम मोडला, तो विक्रम 1937 पासून उभा होता. पण कप त्याला कधीच मिळाला नाही.

लान्स फ्रँकलिन, सगळे बडी म्हणतात, 354 मॅच, 1066 गोल, हॉथॉर्नबरोबर दोन कप. मग सिडनीनं नऊ वर्षांसाठी एक कोटी डॉलरवर घेतला, तेव्हा लोक हसले होते, एवढी वर्षं फॉरवर्ड टिकतो का म्हणून. टिकला. मध्ये 2015 ला मानसिक आजारासाठी फायनल्स सोडून बाजूला बसला आणि परत आला. डाव्या पायाचा, गोलकडे सरळ न येता वळसा घेत यायचा, तेच त्याचं वैशिष्ट्य. 2022 च्या मार्चमध्ये हजारावा गोल झाला तेव्हा सिडनीचं अख्खं मैदान प्रेक्षकांनी भरून गेलं, खेळ अर्ध्या तासाहून जास्त थांबला.

माझं मत फ्रँकलिनला. लॉकेटच्या काळात मैदानाचं ते टोक मोकळं असायचं, तो आणि त्याचा डिफेंडर, दोघंच. आता समोरची अख्खी टीम मागे येऊन जागा बंद करते. 2008 ला फ्रँकलिननं 113 मारले, त्यानंतर एका हंगामात 100 ला कोणी पोचलेलं नाही. आणि तो गोलपासून लांब, विंगपर्यंत जाऊन बॉल आणायचा, म्हणजे ती न मोजलेली धाव त्याच्याकडे जास्त होती. भांडण मिटेल असं वाटत नाही, तरी हे ग्रुपवर टाका.

प्रश्न: मुली खेळतात का हा खेळ? मी नववीत आहे, कबड्डी खेळते.
पेडणे

उत्तर: खेळतात तर! मुलींची लीग एएफएलडब्ल्यू 2017 ला सुरू झाली, पहिल्याच मॅचला 24,500 च्या वर लोक आले आणि बाहेर राहिलेल्यांना गेट बंद करून परत पाठवावं लागलं. एका बाजूला 16 जणी. पहिल्या हंगामात सगळ्यात जास्त गोल कार्लटनच्या डार्सी व्हेसिओचे, 14. टायला हॅरिस नावाच्या फॉरवर्डचा किक मारतानाचा एक फोटो आहे 2019 चा, पाय डोक्याच्याही वर गेलेला, नेटवर काही लोकांनी त्यावर घाण कमेंट केल्या म्हणून चॅनेलनं फोटोच काढून टाकला, मग लोक चिडले, चॅनेलनं माफी मागून फोटो परत लावला, आणि त्याच वर्षी मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरला त्याच पोझमधला तिचा पुतळा उभा राहिला. फोटो शोधून बघ. कबड्डीत पकडीचा सराव आहे ना तुला, टॅकल करायला तोच उपयोगी पडेल, फक्त खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर पकडायचं.

प्रश्न: इथून बघायचं तर फायनल किती वाजता?
कुडचडे

उत्तर: ग्रँड फायनल साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, मेलबर्नला दुपारी अडीचला, म्हणजे आपल्याकडे सकाळी 10. चवथ बहुतेक वर्षी त्याआधी आटोपलेली असते. पहिल्या क्वार्टरला बॉल नसेल तिथे बघा, फॉरवर्ड कुठे पळतोय ते.